गाडीचे स्पार्क प्लग घरी बदलताना

पेट्रोल गाडीची जी कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोजक्या हत्यारांत उरकता येतात, त्यांत स्पार्क प्लग बदलणं बरंच वर येतं. चार सिलिंडरच्या साध्या हॅचबॅकला पहिल्या खेपेला तास-दीड तास धरा. हात बसला की अर्ध्या तासात होतं. पण या कामात एक जागा अशी आहे की तिथे हात चुकला तर खर्च शेकड्यांतून थेट हजारांत जातो, आणि ती जागा म्हणजे इंजिन हेडमधले (सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणातले) आटे, म्हणजे प्लग स्क्रूसारखा फिरवून बसवायच्या खाचा. प्लगचं अंग पोलादी असतं, हेड ॲल्युमिनियमचं. जोर लावला की आटे हेडचेच जातात, प्लगचे नाही. त्यामुळे पुढे सांगितलेली जवळपास प्रत्येक काळजी दोनच गोष्टींसाठी आहे: आटे शाबूत राहावेत आणि उघड्या भोकातून सिलिंडरमध्ये काही पडू नये.

इथे डोळ्यांसमोर धरलेली गाडी म्हणजे तीन किंवा चार सिलिंडर एका रांगेत असलेली, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) असलेली. मारुती, ह्युंदाई, टाटा, होंडा यांच्या गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्या यात येतात. त्याहून जुन्या गाड्यांत एकच कॉइल आणि तिथून प्रत्येक प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरी असतात. त्यांचं वेगळेपण पुढे येईल. २००३ ते २००८ दरम्यानच्या होंडा सिटीचं आय-डीएसआय इंजिन असेल तर प्लग चार नाहीत, आठ आहेत. एका सिलिंडरला दोन. पुढचे चार बदलून बोनेट लावून टाकलेल्या अशा गाड्या आजही सापडतात, कारण मागच्या चारांपर्यंत हात नीट पोचत नाही. आणि डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतातच. तिथे ग्लो प्लग असतात, ते काढण्याची रीत वेगळी आणि तुटण्याचा धोका फार मोठा, म्हणून हा लेख त्यांना लावू नका.

कधी बदलायचे

साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियम किंवा प्लॅटिनमचे ८० हजार ते एक लाख, हा ढोबळ हिशेब. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो खरा. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला हा हिशेब लागू पडत नाही. गॅसचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे टोकं लवकर झिजतात. गाडी बहुतेक वेळ सीएनजीवर पळत असेल तर १५ ते २० हजारांवर एकदा प्लग काढून गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधली फट, मोजावी. पेट्रोलवर गाडी गुळगुळीत चालते आणि सीएनजीवर टाकली की चढावर मिसिंग करते (मधूनमधून एखादा सिलिंडर पेट घेत नाही), ही झिजलेल्या प्लगची अगदी ठरलेली तक्रार आहे.

बाकी लक्षणं ओळखीची: सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागणं, सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरणं, पिकअप मार खाणं, ॲव्हरेज उतरणं, चेक इंजिनचा दिवा. मिसिंग करणारी गाडी 'चालतेय तोवर चालू दे' म्हणून ढकलू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतं, आणि त्या उष्णतेने आतली जाळी वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ बहुधा हाच असतो. तेव्हा गाडी थांबवणं बरं.

कोणता प्लग आणायचा

मॅन्युअलमध्ये छापलेला नंबर घेऊन दुकानात जा. 'स्विफ्टचा प्लग द्या' एवढं सांगून भागत नाही. त्याच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिनं बदललेली असतात. नंबर वाचता आला तर फसगत टळते. उदाहरणार्थ एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या. बी म्हणजे आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर, के म्हणजे १६ मिलिमीटरचा सॉकेट लागेल, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ हा हीट रेंज, ई म्हणजे आट्यांच्या भागाची लांबी १९ मिलिमीटर आणि ११ म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर.

यातली लांबी सगळ्यात घातक. प्लग ठरल्यापेक्षा लांब असेल तर त्याचं टोक पिस्टनवर किंवा व्हॉल्व्हवर आदळू शकतं. आखूड असेल तर हेडमधले खालचे आटे उघडे राहून तिथे कार्बन साचतो, आणि पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग आत जाताना अडतो. म्हणून नवा आणि जुना प्लग शेजारी-शेजारी धरून लांबी, आटे आणि बसायची कडा जुळते का ते पाहिल्याशिवाय नवा आत घालायचा नाही.

हीट रेंज म्हणजे प्लग स्वतःची उष्णता किती लवकर हेडला देऊन मोकळा होतो त्याचं माप. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग 'थंड' होत जातो, बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलटं, आकडा वाढला की 'गरम'. त्यामुळे एका कंपनीचा ६ म्हणजे दुसरीचा ६ असं धरून अदलाबदल करू नये, कंपनीचा जुळणी तक्ता पाहावा. रेझिस्टर नसलेला प्लगही नको. ठिणगीच्या विद्युत गोंधळाने रेडिओ खरखरतो एवढंच नाही, इंजिनाच्या कंप्यूटरचे सेन्सरही बिथरू शकतात.

इरिडियम घ्यावा का, हा प्रश्न हमखास येतो. गाडीत मुळात इरिडियम असेल तर इरिडियमच. मुळात निकेलचा असेल आणि तुम्ही इरिडियम घातलात तर मिळतं ते आयुष्य, पॉवर नाही. 'इरिडियम टाकल्यावर गाडी उडायला लागली' असं सांगणाऱ्याच्या गाडीत बहुधा आधीचे प्लग पार झिजलेले असतात. तिथे नवे निकेलचे टाकले असते तरी गाडी उडालीच असती.

नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ असो की ऑनलाइन दुकान, बिल देणारा विक्रेता धरा. खोक्यावरची आणि चिनी मातीवरची छपाई पुसट, आट्यांवर रांधा मारल्यासारख्या खरबरीत कडा, प्लग उलटा करताच निसटून पडणारं वॉशर, मधल्या टोकाशी न जुळणारं तिरकं बाहेरचं टोक, असं काही दिसलं तर परत करा. इरिडियम निम्म्या किमतीत मिळत असेल तर तो इरिडियम नाही.

हत्यारं

प्लगचा खास सॉकेट घ्या, ज्यात आत रबर किंवा चुंबक असतं. १६ आणि २१ मिलिमीटर हे जुने नेहमीचे माप. बऱ्याच नव्या इंजिनांना १४ मिलिमीटरचा, बारा कोनांचा आणि पातळ भिंतीचा लागतो. साधा खोल सॉकेट प्लगच्या षटकोनावर बसतो खरा, पण प्लगला धरून ठेवत नाही. मग सुटलेला प्लग हेडमधल्या खोल नळीच्या (प्लग जिथे बसतो त्या विहिरीच्या) तळाशीच राहतो आणि नवा घालताना तो वरून पडून त्याचं टोक दबतं. रबरवाल्या सॉकेटची एक खोड आहे: रबर सैल झालं की सॉकेट वर येतो आणि रबर प्लगवरच अडकून बसतं. चुंबकाचा सॉकेट बरा.

याशिवाय रॅचेट, १५ सेंटिमीटरच्या आसपासचं एक्स्टेन्शन आणि शक्य असेल तर लहान युनिव्हर्सल जॉइंट. कॉइलच्या बोल्टसाठी जपानी-कोरियन गाड्यांत बहुतेक वेळा १० मिलिमीटरचा सॉकेट, युरोपीय गाड्यांत टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराचा) बिट. गॅप मोजायला तारेचा गेज. कडेकडेने जाड होत जाणारा गोल नाण्यासारखा गेज इरिडियमवर वापरू नका, कारण मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं असतं आणि तिरका दाब आला की तुटतं. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, टॉर्च, चिमटा, स्वच्छ फडकं, डोळ्यांना चष्मा. ५ ते ५० न्यूटन मीटरच्या टप्प्यातला टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) असेल तर उत्तम. चाकाच्या नटांसाठीचा मोठा टॉर्क पाना इथे निरुपयोगी आहे, खालच्या टप्प्यात तो खरं सांगत नाही. आणि पन्नासेक रुपयांची अर्धा फूट रबरी पेट्रोल नळी, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल अशी. सगळ्यांत स्वस्त वस्तू हीच, आणि आट्यांच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचीही.

आधीची तयारी

इंजिन पूर्ण गार हवं. संध्याकाळी घरी आल्या-आल्या नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी. गरम ॲल्युमिनियमचे आटे प्लगसोबत खेचले जाऊन खरवडले जातात. शिवाय इंजिन तापलेलं असताना चावी बंद असली तरी रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो. गार इंजिनावर तो प्रश्न येत नाही.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चावी बाहेर. बटन स्टार्टची गाडी असेल तर रिमोट घरात ठेवून या, खिशात नको. अंगठी, कडं, घड्याळ उतरवा. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडून बाजूला ठेवा. प्लगचं काम बॅटरी न सोडताही होतं आणि बरेच मेकॅनिक तसंच करतात. पण कॉइलचे कनेक्टर काढताना-लावताना चुकून इग्निशन चालू राहण्याची भीती उरत नाही, म्हणून घरी करताना सोडलेली बरी. ठिणगीचं व्होल्टेज हजारोंमध्ये, वीस ते चाळीस हजारांपर्यंत जातं. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ हात घालूच नये.

सीएनजी गाडीत गाडी पेट्रोलवर घेऊन बंद करा आणि टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्हही बंद करा. बोनेट उघडताच गॅसचा वास आला तर आज प्लग नाही, आधी गळती. गॅसच्या पाइपांना, रेग्युलेटरला या कामात हात लावायची गरज नसते. आड येत असतील तर वाकवून वाट काढू नका, गाडी गॅरेजला न्या.

काढण्याची रीत

इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर वर ओढून निघतं. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा किंवा त्याची नळी आड येते, ती क्लिपा सोडून बाजूला करा आणि इंजिनकडच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं बसवा. मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवले की परत बसवताना वायर कुठून गेली होती याचं कोडं पडत नाही.

आता एका वेळी एकच सिलिंडर. सगळे कॉइल, सगळे प्लग एकदम काढून ओळीने मांडायचा मोह होतो, तो टाळा. चार उघडी भोकं म्हणजे नट पडायच्या चार जागा.

कॉइलच्या कनेक्टरचा खटका दाबून प्लास्टिक धरून ओढा, वायर धरून नाही. उष्णतेने हे खटके ठिसूळ होतात आणि टिचकन तुटतात, म्हणून काहींमध्ये आधी छोटी कुलुपाची पट्टी मागे सरकवावी लागते ती पाहून घ्या. मग बोल्ट काढा आणि कॉइल सरळ ओढण्याआधी डावीकडे-उजवीकडे थोडी फिरवा. वर्षानुवर्षं बसलेलं रबर प्लगच्या चिनी मातीला चिकटलेलं असतं, सरळ हिसका दिला तर रबर फाटून खाली राहतं. कॉइल बाहेर आली की टोकाची स्प्रिंग तिच्यात आहे ना ते पाहा.

कॉइलच्या रबरावर तेल दिसलं, किंवा नळीत डोकावल्यावर तळाशी तेल साचलेलं दिसलं, तर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधली प्लगच्या नळीची सील गेली आहे. आधी ते तेल टिश्यू पेपर लांब चिमट्याला गुंडाळून पूर्ण टिपून घ्या. प्लग काढल्यावर ते सगळं सिलिंडरमध्ये जाईल. पॅकिंग बदलल्याशिवाय नवे प्लग आणि कॉइलचं रबर फार टिकणार नाही. पावसाळ्यानंतर, किंवा जेट पंपाने इंजिन धुऊन घेतलं असेल तर, नळीत पाणी आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरा गंज सापडतो. अचानक सुरू झालेल्या मिसिंगचं कारण कित्येकदा एवढंच असतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही याच वेळी दिसतात.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात: प्लग सैल करण्याआधी नळीत पंपाने जोरात हवा मारा. चष्मा लावून, तोंड बाजूला ठेवून. तळाशी बसलेली वाळू, पानांचा चुरा, गंजाचे कण उडून आले पाहिजेत. सॉकेट घालून प्लग पाव फेरा सैल करा आणि पुन्हा एकदा हवा मारा, कारण वॉशरच्या कडेला चिकटलेली घाण तेव्हाच सुटते. सिलिंडरमध्ये गेलेला वाळूचा एक कण भिंतीवर ओरखडा काढायला पुरेसा आहे.

सॉकेट प्लगवर पूर्ण बसलाय, एक्स्टेन्शन सरळ उभं आहे, हे पाहून रॅचेट फिरवा. तिरका जोर दिला तर चिनी माती तडकते. पहिला झटका सुटला की पुढचे फेरे रॅचेट काढून नुसत्या एक्स्टेन्शनने हाताने द्या, बोटांना कळलं पाहिजे काय चाललंय ते. फेरे मोजत राहा, बसवताना उपयोगी पडेल.

मध्येच जड लागायला लागला तर ओढत राहू नका. हीच ती जागा. आट्यांत कार्बन अडकलेला असतो आणि जोर लावला तर तो कार्बन कानशीसारखा हेडचे आटे घासून काढतो. प्लग पुन्हा अर्धा फेरा आत घाला, गंज सैल करणाऱ्या तेलाचे दोन-चार थेंब नळीत सोडा, अर्धा तास थांबा आणि मग थोडं बाहेर, थोडं आत असं करत काढा. तरीही हलत नसेल तर तिथेच थांबून, प्लग परत बसवून गाडी चांगल्या मेकॅनिककडे न्यावी. रॅचेटच्या दांड्यावर पाइप घालून लांबी वाढवणं हा इथला उपाय नाही.

जुने प्लग काय सांगतात

काढलेले प्लग फेकू नका. सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर १, २, ३, ४ लिहून ठेवा. बहुतेक इंजिनांत एक नंबर म्हणजे टायमिंग चेन किंवा पट्ट्याच्या बाजूचा. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त, किंवा एअर फिल्टर तुंबलेला, किंवा गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच पळते आणि प्लग स्वच्छ होण्याइतका तापतच नाही. तेलकट ओला काळा असेल तर व्हॉल्व्हच्या सील किंवा पिस्टनच्या रिंगांकडे बोट जातं, आणि नवे प्लग टाकून ते दुखणं जात नाही. पांढरंफटक, फोड आलेलं किंवा वितळल्यासारखं टोक म्हणजे प्लग फार तापतोय: मिश्रणात हवा जास्त, चुकीचा हीट रेंज, किंवा आधी कोणीतरी प्लग ढिला ठेवलेला.

चारही सारखे दिसले तर दोष असेल तर तो सगळ्या इंजिनाचा. एकच वेगळा दिसला तर त्या सिलिंडरचा. षटकोनाच्या लगेच वर चिनी मातीवर तपकिरी वलय दिसतं. ते पाहून 'प्लग लीक आहे' असं सांगणारे भेटतील, पण वलय नुसतं चिनी मातीच्या बाहेर असेल तर ते उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून झालेलं असतं आणि निरुपद्रवी आहे. चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली तर मात्र ठिणगी बाहेरून पळत होती, आणि बहुधा कॉइलच्या रबराच्या आतही तशीच रेघ सापडेल. ते रबरही बदला, नाहीतर नवा प्लगही तसाच होईल.

बसवण्याची रीत

नवा प्लग खोक्यातून काढताच गॅप मोजा. 'गॅप करून आलेला' असला तरी वाहतुकीत मार लागलेला असू शकतो. साध्या इंजिनांना साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर, टर्बोला कमी, सीएनजीसाठी बहुधा थोडी कमी. नेमका आकडा मॅन्युअलमधला किंवा बोनेटखालच्या चिकटपट्टीवरचा. निकेलच्या प्लगची गॅप बदलायची तर फक्त बाहेरचं वाकडं टोक हलकेच वाकवायचं, मधल्या टोकाला टेकू देऊन नाही. इरिडियमची गॅप चुकीची निघाली तर वाकवत बसण्यापेक्षा प्लग बदलून मागा. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. चिनी मातीला गेलेला तडा बाहेरून दिसतोच असं नाही.

आट्यांना ग्रीस किंवा आट्यांचं वंगण लावावं का? हल्लीच्या प्लगांवर गंजरोधक थर असतो आणि एनजीकेसारख्या कंपन्या काही लावू नका असंच सांगतात. वंगण लावलं की त्याच टॉर्कला प्लग कितीतरी जास्त आवळला जातो, मग आटे ताणले जातात. कोरडेच बसवा.

आता ती रबरी नळी. प्लगच्या वरच्या टोकावर बसवा आणि तिच्या आधाराने प्लग सरळ नळीत उतरवा. आधी उलट्या दिशेने हळू फिरवा. आट्यांचं तोंड जुळलं की अगदी बारीक 'टक' जाणवतं, तिथून सुलट फिरवा. आटा वाकडा चढत असेल तर रबर बोटांतच घसरतं, प्लग पुढे जात नाही. सॉकेटमध्ये मात्र तेवढाच जोर आटे कापत जातो आणि हाताला कळतही नाही. १९ मिलिमीटर लांबीचा प्लग तेरा ते पंधरा फेरे असा हातानेच गेला पाहिजे, आधी मोजलेल्या फेऱ्यांशी जुळवून पाहा. तीन-चार फेऱ्यांतच अडला तर काढा, हवा मारा, पुन्हा करा. कितीही वेळा करावं लागलं तरी चालेल.

प्लग तळाशी टेकला की रबरी नळी काढून सॉकेट लावा. टॉर्क पान्याने: वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्याला १५ ते २०, १० मिलिमीटरच्याला १० ते १२. मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तो. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. एवढ्यात वॉशर चेपून बसतं. तोच प्लग काढून परत लावत असाल तर वॉशर आधीच चेपलेलं असतं, तेव्हा एक बारांश फेरा पुरतो. वॉशर नसलेला, निमुळत्या बुडाचा प्लग असेल तर टेकल्यानंतर जेमतेम एक सोळांश फेरा. अशा प्लगला अर्धा फेरा देणं म्हणजे आट्यांचा निकाल लावणं. रॅचेट दांड्याच्या टोकाला न धरता मानेजवळ धरा, जास्त जोर लागतच नाही.

घट्टची भीती म्हणून ढिला ठेवणंही बरोबर नाही. प्लगची उष्णता वॉशर आणि आट्यांतूनच हेडमध्ये जाते. नीट टेकला नाही तर तो तापून लाल होतो, गॅस बाहेर येतो आणि हळूहळू आटे झिजून प्लग उडूनही जाऊ शकतो.

कॉइलच्या रबराच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज वाहू न देणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. स्प्रिंगवर आणि धातूच्या टोकावर नको. पुढच्या खेपेला रबर चिकटलेलं मिळत नाही, दमट हवेत पाणीही आत शिरत नाही. कॉइल सरळ खाली दाबली की टोक प्लगवर बसल्याचं जाणवतं. बोल्ट हलकाच आवळा, तो टॅपेट कव्हरच्या प्लास्टिकमध्ये किंवा मऊ ॲल्युमिनियममध्ये असतो. कनेक्टरचा खटका 'टक' वाजला पाहिजे. मग पुढचा सिलिंडर.

वायरींच्या जुन्या गाडीत एकेकच काढा-लावा, म्हणजे वायरींचा क्रम बदलायचा प्रश्नच येत नाही. चार सिलिंडरांत ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असतो, वायरींची लांबी सारखी दिसली म्हणून कुठेही लावून चालत नाही. वायर धरून न ओढता टोकाचं रबर धरून ओढा. रबर कडक झालं असेल, चिरा पडल्या असतील तर वायरींचा संच बदला.

स्टार्ट करताना

सगळे प्लग आत, सगळ्या कॉइल जोडलेल्या, हवेच्या नळीच्या तोंडात बसवलेलं फडकं बाहेर, हत्यारं मोजून डब्यात. मगच बॅटरी जोडा. प्लग बाहेर असताना 'ठिणगी येते का बघू' म्हणून सेल्फ मारू नका: उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ उडते, शेजारी ठिणगी, आणि आग लागायला आणखी काही लागत नाही.

पहिल्यांदा एक-दोन सेकंद जास्त सेल्फ लागला तर चिंता नको. बॅटरी काढल्यामुळे काही गाड्यांत आयडल (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग) थोडा वेळ वर-खाली होतो, खिडकीची काच एकदा दाबताच पूर्ण वर-खाली करणारं बटन परत शिकवावं लागतं. रेस न करता पाच मिनिटं चालू ठेवा. प्लगच्या नळ्यांतून 'फुस-फुस' असा आवाज येत असेल तर प्लग टेकलेला नाही. बंद करा, गार होऊ द्या, तपासा.

गाडी एका सिलिंडरवर मिसिंग करत असेल तर पहिल्यांदा नुकतेच लावलेले कनेक्टर पाहा, नव्वद टक्के वेळा नसला तरी बहुतेकदा दोष तिथेच असतो. मग नव्या प्लगांपैकी कुणाची चिनी माती बसवताना तडकली का ते. तेही ठीक असेल तर कोड वाचायचा छोटा स्कॅनर लावा. पी०३०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर, पी०३०२ दोन नंबरचा, आणि असंच पुढे. पी०३०० म्हणजे ठरावीक एक नाही, सगळीकडे. एक नंबरचा कोड आला तर इंजिन बंद करून एक नंबरची कॉइल तीन नंबरला आणि तीनची एकला लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली आहे. पी०३०१ च राहिला तर कॉइल निर्दोष. प्लगांची तशीच अदलाबदल करून पाहा. तरीही एकवरच राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते मोजायचं सामान पार्किंगमध्ये नसतं, गॅरेजमध्ये असतं.